रक्ताच्या शेजारचे पाणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर आपण विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवरांच्या सूचना आणि पूर्वजांच्या आठवणी ऐकत आलात. अशा आनंदाच्या प्रसंगी मूत्रपिंडाच्या विकाराविषयी बोलण्यास उभे राहणे हे थोडे अरसिकपणाचे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे रुग्णसाहाय्य निधीचा ठराव यावयाचा आहे. आपल्या निधीतून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन डायलिसिस यंत्रे देणगी द्यावीत, अशी सूचना आहे. सूचना उदार आहे आणि तिच्यामागील हेतूविषयी कोणासही शंका नाही. तरीही त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी आपण सर्वांनी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणून कार्यवाहांकडे आम्ही ही अर्धी घटका मागून घेतली. आम्ही वैद्य नव्हे. तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले, एवढाच आमचा अधिकार. मात्र आमचे धाकटे बंधू गेली सात वर्षे डायलिसिसवर आहेत, आणि या विषयाचा अभ्यास आम्हांस पुस्तकाने नव्हे तर घराने करावयास लावला.

आपल्या शरीरात लोखंड, जस्त आणि तांबे असते हे आपण ऐकले असेल. किती असते? सबंध शरीरातील लोखंड मिळून सुमारे एक तृतीयांश तोळा, जस्त पाव तोळ्याहूनही थोडे कमी, आणि तांबे तर जेमतेम एका गुंजेइतके. सेलेनियम नावाचे मूलद्रव्य याहूनही पुष्कळच कमी. यांनाच लेशमात्र मूलद्रव्ये म्हणतात. मात्रा लेशमात्र असली तरी काम मोठे असते. लोखंडावाचून रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. जस्तावाचून जखम भरत नाही, अन्नाची चव कळत नाही, रोगाशी झुंजण्याची शक्ती राहत नाही. याउलट शिसे, कॅडमियम, ॲल्युमिनियम ही शरीराला कोणत्याच कामाची नाहीत. ती आत आली तर बाहेर घालविणे हेच बरे. निरोगी माणसात हा जमाखर्च कोण सांभाळतो? दोन द्वारपाल. पहिला आतड्याचा. अन्नपाण्यातून आलेल्या ॲल्युमिनियमपैकी शेकडा एक भागसुद्धा तो आत जाऊ देत नाही. दुसरा मूत्रपिंडाचा. पहिल्याची नजर चुकवून जे आत शिरले, त्यातील बरेचसे तो मूत्रावाटे बाहेर काढतो.

ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली त्याचा दुसरा द्वारपाल गेला, हे कोणाच्याही ध्यानात येईल. पण डायलिसिस सुरू होताच पहिला द्वारपालही बाजूस सारला जातो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती कशी, हे पाहण्यासाठी यंत्राचे काम थोडक्यात समजून घेऊ.

हॉलंडमधील काम्पेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळलेली, नळीतून रुग्णाचे रक्त वाहते आणि पिंप क्षारांच्या पाण्यात फिरते, अशी ती रचना होती. रक्तातील विषारी द्रव्ये नळीच्या पातळ पापुद्र्यातून पाण्यात झिरपत. आरंभीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ च्या सप्टेंबरात मात्र ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे बेशुद्धीतून परत आली. पुढे १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसविली. त्यामुळे वारंवार डायलिसिस करणे शक्य झाले, आणि त्यांचा पहिला रुग्ण पुढे ११ वर्षे जगला. तेव्हापासून डायलिसिस हा केवळ संकटकाळचा उपाय न राहता वर्षानुवर्षे चालणारा नित्यक्रम झाला.

आजचे यंत्र लहान आणि सुबक आहे, पण तत्त्व तेच. पापुद्र्याच्या एका अंगास रक्त आणि दुसऱ्या अंगास पाणी. हे पाणी मिनिटास सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने वाहते. चार तासांच्या एका बैठकीत १२० लिटर आणि आठवड्याच्या तीन बैठकींत ३६० लिटर होते. आपण निरोगी माणसे आठवड्यास फार तर १४ लिटर पाणी पितो, आणि तेही आतड्याच्या पहाऱ्यातून. रुग्णाच्या रक्ताशेजारून मात्र त्याच्या पंचवीसपट पाणी जाते, आणि मध्ये पहारा नसून केवळ एक पापुद्रा असतो. पापुद्र्याला मित्र आणि शत्रू कळत नाहीत. कण लहान असला की तो वाट देतो. शिवाय ॲल्युमिनियमसारखा धातू रक्तात पोहोचला की तेथील प्रथिनाला चिकटून बसतो आणि सहजी परत येत नाही. त्यामुळे पाण्यात तो अगदी किंचित असला तरी त्याचा ओघ रक्ताच्याच दिशेने राहतो.

याची किंमत जगाने कशी मोजली, ते ऐकण्याजोगे आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथील ॲलन आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, काही वर्षे डायलिसिस घेतलेल्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागते, पुढे हातपाय झटके देतात, बुद्धिभ्रंश होतो आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू येतो. १९७६ साली त्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतील धातूंचे प्रमाण प्रसिद्ध केले. निरोगी मेंदूच्या करड्या भागात शुष्क वजनाच्या दर किलोस ॲल्युमिनियम २.२ मिलिग्रॅम, या रुग्णांत २५ मिलिग्रॅम. त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डायलिसिसच्या रुग्णांची हाडे ठिसूळ होऊन आपोआप मोडत होती. १९७८ साली तेथील वैद्यांनी दाखवून दिले की, या विकाराचे मूळ पाण्यात असून अपराधी बहुधा ॲल्युमिनियमच असावे.

आता हे ॲल्युमिनियम पाण्यात आले कोठून? बंधुभगिनींनो, ते आपल्या घरातलेच आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ आले की आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवीत. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार. त्याच जातीचा क्षार घालून शहरांची जलशुद्धीकरण केंद्रे गाळ खाली बसवितात. पिणाऱ्यास त्याचा उपद्रव नाही, कारण त्याचे दोन्ही द्वारपाल जागे आहेत. जे पाणी सबंध गावाला निर्मळ होते, तेच रक्ताशेजारी येताच विष ठरले. त्या काळी रुग्णांना अन्नातील फॉस्फरस शोषला जाऊ नये म्हणून ॲल्युमिनियमच्याच गोळ्याही देत असत. म्हणजे काही अभाग्यांना ते दोन्ही वाटांनी मिळाले.

धडा एकदा शिकला म्हणजे कायमचा शिकला, असे मात्र नसते. १९९६ साली कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर पाण्याचा नवा नळ टाकला गेला. त्याच्या आतल्या सिमेंटच्या लेपातून ॲल्युमिनियम पाझरले आणि डायलिसिस केंद्रातील दहा रुग्ण दगावले. तीच कथा इतर धातूंची. १९७२ साली ऑस्ट्रेलियातून वृत्त आले की, घरी डायलिसिस घेणाऱ्या एका रुग्णाने जस्ताचा मुलामा दिलेल्या टाकीतील पाणी वापरले. त्याला मळमळ, ताप आणि तीव्र पंडुरोग जडला. तांब्याच्या नळांतून आम्लधर्मी पाणी गेल्यामुळे रुग्णांच्या तांबड्या पेशी फुटल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणून डायलिसिसच्या पाण्याचे नियम पिण्याच्या पाण्याहून कितीतरी कडक आहेत. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जस्त लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. डायलिसिसच्या पाण्यात ०.१, म्हणजे पन्नासपट कमी. फ्लोराइड पिण्यास १ चालते, येथे ०.२. ॲल्युमिनियम पिण्यास ०.०३ इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.२ पर्यंत मान्य; येथे ०.०१. ही शेवटची मात्रा किती लहान आहे? दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करावेत आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम ॲल्युमिनियम असावे, इतकी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे, हे आपणांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात नळ आटला की रुग्णालयेही टँकरचे आणि कूपनलिकेचे पाणी घेतात. वरचे पाणी असे ऋतूगणिक बदलत असता यंत्राला पोहोचणारे पाणी मात्र बारा महिने एकसारखे राहिले पाहिजे. हे काम वाळूची गाळणी, कोळशाची गाळणी, जडपणा काढणारे पात्र आणि शेवटी आर. ओ. चा पडदा, अशी मालिका करते. या मालिकेतील प्रत्येक दुव्याला आयुष्य असते. ते संपले तरी पाणी दिसावयास तितकेच स्वच्छ दिसते.

येथे आम्ही घरची हकिकत सांगतो. ती सांगताना आम्हांस थोडी लाजही वाटते.

बंधूंच्या डायलिसिसच्या चौथ्या वर्षी त्यांचे रक्त वाढेनासे झाले. रक्तवाढीची इंजेक्शने दुप्पट केली, लोह शिरेतून दिले, शरीरातील लोहाचा साठाही पुरेसा भरला. तरी हिमोग्लोबिन खालीच. जिना चढताना ते दोनदा बसू लागले. वैद्यांनी आहाराविषयी विचारले आणि घरातील आम्हा सर्वांची दृष्टी आमच्या भावजयीकडे वळली. डाळ मोजून, भाजी उकळून तिचे पाणी टाकून, मीठ वेगळे काढून ती त्यांचे ताट वाढीत असे. तरी आम्ही वडीलपणाच्या अधिकाराने एकदा तिला म्हणालो, "ताटात काही कमी पडत असेल, नीट पाहत जा." तिने मान खाली घातली आणि एवढेच म्हणाली, "पाहते, भावोजी."

पुढे काही आठवड्यांनी जुनी टिपणे चाळताना आमच्या वाचनात आले की, लोह पुरेसे असूनही रक्त न वाढणे हे ॲल्युमिनियम साचल्याचे एक लक्षण असू शकते. आम्ही त्या केंद्रात जाऊन पाण्याच्या रासायनिक तपासणीची नोंदवही पाहावयास मागितली. केंद्राचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तेथील तरुण तंत्रज्ञ सज्जन होता आणि त्याने वही पुढे केली. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. पडदा बदलण्याची तारीखही उलटून गेली होती, कारण त्या खर्चाचा कागद कोणत्यातरी टेबलावर थांबला होता. नमुना बाहेर पाठविला. ॲल्युमिनियम मर्यादेच्या कित्येक पट निघाले. बंधूंचे आणि त्यांच्या पाळीतील इतरांचे रक्त तपासले, तेही वाढलेले. पडदा बदलला आणि पाणी सुधारले. कित्येक महिन्यांनी बंधूंचे हिमोग्लोबिन हळूहळू वर चढले. आज ते या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

ताटात काहीच कमी नव्हते. जे अधिक होते ते नळातून येत होते. आम्ही भावजयीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "भावोजी, माझे राहू द्या; त्या पाळीत आणखी पाच जण होते, त्यांच्या घरी कोणी वही पाहिली असती का?" आजचे हे भाषण त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

एवढ्यावरून लेशमात्र मूलद्रव्ये म्हणजे केवळ विष, असा कोणी समज करून घेऊ नये. दीर्घकाळच्या रुग्णांत उलटी तक्रारही असते. कॅनडातील संशोधकांनी २००९ साली १२८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा असे आढळले की डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात कॅडमियम, क्रोमियम, तांबे, शिसे आणि व्हॅनेडियम ही निरोगी माणसांपेक्षा अधिक, तर सेलेनियम, जस्त आणि मँगनीज ही कमी असतात. कमी का पडतात? पथ्यामुळे अन्न मोजके, भूक मंद आणि आतड्याची शोषणशक्ती क्षीण. रुग्णाला जेवण बेचव लागते तेव्हा तो हट्ट करतो असे घरचे समजतात; पुष्कळदा जस्ताची उणीव हेही त्याचे एक कारण असू शकते.

पण उणीव आहे म्हणून बाजारातून गोळ्या आणून देणे हा उपाय नव्हे. जस्त प्रमाणाबाहेर घेतले तर ते तांब्याला शोषू देत नाही, आणि तांबे घटले की पुन्हा पंडुरोगच पदरी येतो. शिवाय रक्तातील आकडा नेहमी खरे सांगतो असेही नाही. जेवणानंतर जस्ताचे प्रमाण उतरते. नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात मिसळते. तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. म्हणून अशा तपासणीचे रक्त त्या कामाच्या खास नळीत, डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावे, आणि आकड्याचा अर्थ वैद्यांनीच लावावा. ॲल्युमिनियमचा आकडा लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत असावा, असा संकेत आहे.

ज्या घरांत असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. आंबट पदार्थ, म्हणजे कढी, सार, चिंचेची आमटी, ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू अगर ठेवू नयेत. स्टीलचे भांडे वापरावे. पित्तशामक म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त औषधांविषयी वैद्यांस विचारल्यावाचून ती घेऊ नयेत. लिंबासोबत तर मुळीच नको, कारण लिंबातील आम्ल त्या धातूला आतड्यातून आत जाण्यास मदत करते. तिसरी गोष्ट भस्मांची. आयुर्वेदाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा अगर आर्सेनिक सापडले. ज्याचा दुसरा द्वारपाल गेला आहे त्याने असे औषध मूत्रपिंडाच्या वैद्यांस न कळविता घेणे म्हणजे दार उघडे टाकून निजणे होय. आणि चौथी गोष्ट: घरच्या तुरटीला भिऊ नये. रुग्ण पितो ते पाणी मोजके आहे. भय आहे ते त्या ३६० लिटरांचे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात नसून रुग्णालयाच्या गच्चीवरील टाकीत आहे.

आता उद्याच्या ठरावाकडे वळतो. २०१६ साली सरकारने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य डायलिसिसचा मार्ग मोकळा झाला. यंत्रांची गरज संपली असे आम्ही म्हणत नाही; पाळीची वाट पाहणारे रुग्ण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. पण यंत्र देणारे दाते मिळतात. यंत्रावर पितळी पाटी बसते, तिच्यावर मंडळाचे नाव येते, फीत कापली जाते, आणि ते छायाचित्र याच स्मरणिकेत छापले जाते. गच्चीवरील पडद्यावर पाटी बसत नाही. कोळशाची गाळणी बदलली म्हणून कोणी हार घालीत नाही. त्यामुळे त्या कामाला दाता मिळत नाही आणि वहीतील रकाना कोरा राहतो. दोन नव्या यंत्रांना जर जुन्याच पडद्याचे पाणी मिळणार असेल, तर आपण दोन रुग्णांची सोय करीत आहोत की त्यांच्या रक्ताची दोन नवी दारे उघडीत आहोत, याचा विचार व्हावयास नको काय?

आमची दुरुस्ती साधी आहे. दोनाऐवजी एक यंत्र द्यावे. दुसऱ्या यंत्राची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजातून त्या केंद्राच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि एकदा पावसाळ्यात, व्हावी. पडदा आणि गाळण्या मुदतीपूर्वी बदलल्या जाव्यात. अहवालाची एक प्रत केंद्राच्या भिंतीवर सर्वांस वाचता येईल अशी लावावी आणि एक प्रत मंडळाकडे यावी. आपल्या ज्ञातीतील रुग्ण तेथे किती, हा प्रश्न कोणी विचारू नये. पापुद्रा जात विचारीत नाही, आणि पाणीही विचारीत नाही. त्या पाच जणांपैकी आपल्या ज्ञातीचे कोणीच नव्हते. पण बंधूंच्या शेजारी चार चार तास तेच बसत, आणि तेच पाणी त्यांच्याही रक्ताशेजारून वाहत होते.

आपल्या पूर्वजांनी वाटेवर पाणपोया घातल्या, विहिरी बांधल्या. जलदानाचे पुण्य आपल्या घरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. तेच दान आजच्या काळात कोणत्या रूपाने करावयाचे, एवढेच उद्या आपणांस ठरवावयाचे आहे. वहीतील रकाना कोरा राहू नये, एवढी आमची प्रार्थना आहे.